तळाचा गाळ

रत्नाबाईच्या हाताला गुण आहे, असं सरावलीतली अख्खी गल्ली म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, रत्नाबाईला ते ऐकायला आवडायचं. कुणाचं दही लागेना की विरजण न्यायला रत्नाबाईच्या दारात. कुणाच्या लोणच्यावर बुरशी आली की बोलवा रत्नाबाईला. ती जालन्याकडची. तिकडं कुरडया करायच्या म्हणजे गहू भिजत घालायचे, रोज त्यांचं पाणी बदलायचं आणि नुसत्या वासावरून ओळखायचं, की आता चीक काढावा. थोडं अलीकडं झालं तरी फसतं, थोडं पलीकडं झालं तरी फसतं. हे नाक तिला आईनं दिलं होतं. लग्न होऊन बोईसरजवळ सरावलीला आली तेव्हा पत्र्याच्या पेटीत चार साड्या आणि बरोबर हे नाक, एवढाच काय तो तिचा ऐवज.

आईनं आणखी एक गोष्ट दिली होती. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही आणि नेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. मानले की ते लागत नाही म्हणे. आता खरं-खोटं देव जाणे, पण रत्नाबाईनं ते जन्मभर पाळलं. तिच्या घरातून कुणी रिकाम्या वाटीनं गेलं नाही.

नवरा पुंजाराम तारापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत होता. गोळ्या करणारी नव्हे, गोळ्यांची पावडर करणारी कंपनी. सगळी हयात त्यानं रसायनं शिजवायच्या टाकीवर, रिअॅक्टरवर काढली. घरी आला की कपड्यांना असा उग्र वास यायचा, की रत्नाबाई त्याची बादलीच वेगळी ठेवायची. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण हट्टी. एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

तर अशा ह्या माणसाला सेकंड शिफ्टला जाताना गेटवरच छातीत कळ आली. नशीब, वेळेत दवाखाना गाठला. हृदयाची नळी तुंबली होती, तिच्यात स्टेंट बसवला. सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून बजावलं, "काका, ह्या आता चुकवायच्या नाहीत. मी सांगितल्याशिवाय एकही बंद करायची नाही."

पुंजारामनं तिथं मान हलवली आणि घरी येऊन पाकिटं फळीवर भिरकावली.

"अगं, जन्म गेला माझा ती पावडर करण्यात. ती कशात धुत्यात, कशात वाळवत्यात, मला इचार. हातमोजे घालून हाताळलेली वस्तू आता तोंडात घालू? मी न्हाई खाणार."

आता ह्याला काय म्हणावं! धुऊन, वाळवून, तपासून निघालेली तीच गोळी खाऊन निम्मी दुनिया जगते आहे, पण हे सांगणार कुणाला? रत्नाबाईनं शपथा घातल्या, रडली, एक दिवस उपाशी राहिली. पुण्याहून मुलगा सुजित फोनवरून ओरडला. पुंजाराम ढिम्म. रत्नाबाई रात्र रात्र त्याच्या श्वासाकडे कान लावून पडून राहायची.

अशात शेजारची हेतल एक बाटली घेऊन आली. हेतलचं माहेर वापीकडचं, तिच्या वहिनीनं दिलेली ती बाटली. आत तपकिरी पाणी आणि त्यावर तरंगणारी एक पांढुरकी, जाड, लिबलिबीत चकती.

"काकी, ह्याला कोंबुचा म्हणतात. चहाच आहे, साखर घालून आंबवलेला. ही वरची चकती त्याची मदर, म्हणजे विरजणच. माझ्या मोबाईलवर आलंय बघा, आतली सूज उतरते, हृदयाच्या नळ्या साफ होतात. काकांना द्या ना."

रत्नाबाईनं बाटली नाकाशी नेली. ओळखीचा वास आला. चीक काढायला आलेल्या गव्हाचा, ताकाचा, जुन्या गुळाचा. हे आपल्याला जमणार, हे तिला त्या वासावरच कळलं. बरं, गोष्ट पटण्यासारखीही होती. चिंचेनं तांब्या घासला की लखलखतो, मग आंबट चहानं नळी का धुऊन निघू नये?

पुंजारामलाही पटलं. "ही जिवंत वस्तू हाय," चकतीकडे बघत तो म्हणाला. "पावडर न्हवं. ही मी पितो." ती चकती थेट ज्वारीच्या भाकरीसारखी दिसायची, म्हणून त्यानं तिचं नाव भाकर ठेवलं. काचेच्या बरणीत चहा-साखरेचं पाणी, वर भाकर, तोंडाला धुतलेलं फडकं. आठवड्या-दीड आठवड्यात चहा आंबायचा आणि जुन्या भाकरीखाली नवी पातळ भाकर धरायची. तिला ते पिल्लू म्हणायचे.

डोंगराकडून भाजी घेऊन येणाऱ्या नवसीला रत्नाबाईनं कौतुकानं एक घोट दिला, तर तिनं तो गटारीत थुंकला. "बाय, हा चाय नासला ना गं! तुला कळत नाय?" पुंजाराम पोट धरून हसला. आजारपणानंतर तो पहिल्यांदा हसला होता.

पण रत्नाबाईचा जीव काही भांड्यात पडेना. चहा गुणाचा असेल, मान्य. पण नुसत्या चहावर नवरा सोडायचा? तिच्या नाकाला चहा कळत होता, हृदयाची नळी कळत नव्हती, आणि हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. मग एका सकाळी, पुंजाराम देवापुढे घंटी वाजवत असताना, तिनं फळीवरच्या गोळ्या खलबत्त्यात टाकल्या. घंटीच्या आवाजात चार ठोके खपून गेले. ती पूड तिनं आंबट चहात ढवळली, वर आल्याचा रस पिळला. पुंजाराम ओठ आवळून म्हणाला, "आज कडवट लागायला."

"भाकर जुनी झाली की लागतंय तसं."

"अन् खाली बसलंय ते काय?"

"तो गाळ. सगळा गुण त्याच्यातच अस्तो. ढवळून प्या, तळाला कायबी ठिऊ नका."

पुंजारामनं पेला हलवला आणि तळापर्यंत रिकामा केला. त्या दिवसापासून हे रोजचं झालं. घंटी वाजली की खलबत्ता वाजायचा. संपलेल्या गोळ्या ती बाजारात गेली की मेडिकलातून आणायची आणि कुरडयांच्या डब्यात तळाशी लपवायची. संध्याकाळच्या गोळीसाठी सांजआरतीची घंटी होतीच. देवाच्या साक्षीनं फसवणूक चालली होती म्हणा ना! तिला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण नवरा जगत होता, आणि नवरा जगत असताना बाईला बाकीचं वाईट वाटणं परवडतं.

पुढं काही महिन्यांनी तपासणी झाली. रक्त चांगलं, दाब चांगला, चरबी उतरलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान! गोळ्या नीट घेताय वाटतं." पुंजाराम मिशीतल्या मिशीत हसला, बाहेर येऊन मांडीवर थाप मारली आणि त्या दिवसापासून सरावलीत ओट्याओट्यावर त्याचं कीर्तन सुरू झालं. डॉक्टरला काय कळतंय! एक गोळी न खाता नळ्या साफ! ही माझ्या बायकोच्या हाताची करामत. फक्त तळाचा गाळ सोडायचा नाही, सगळा गुण गाळात!

आणि रत्नाबाई? तिनं तिथंच तोंड उघडायला हवं होतं. पण ती पदर सावरून गालात हसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलली असती तर नवऱ्यानं चहाही टाकला असता आणि गोळीही, हे तर खरंच. पण तेवढंच खरं नव्हतं. बायका वाट्या घेऊन पिल्लू मागायला येत होत्या, हाताला गुण आहे म्हणत होत्या, आणि ते तिला गोड लागत होतं. पुढं ती स्वतःला सगळ्यात जास्त शिव्या घालायची ती ह्या गोड लागण्याबद्दल.

कैलास हा पुंजारामचा गाववाला आणि त्याच्याच प्लांटवरचा जोडीदार. पुंजारामनंच त्याला कंपनीत चिकटवला होता. जवळच्या कुंभवलीत राहायचा. वयानं लहान, पुंजारामला दादा म्हणायचा आणि दादा म्हणेल ती पूर्व दिशा. त्यालाही अलीकडेच स्टेंट पडला होता. त्याची बायको वर्षाराणी त्याला गोळ्या हातात मोजून द्यायची आणि तो त्या कुरकुरत गिळायचा. तो एका रविवारी रत्नाबाईकडे आला. पुंजाराम पलंगावर बसला होता. आधीच त्याचं कीर्तन रंगलेलं.

कैलास रत्नाबाईकडे वळला. "वैनी, दादाचं सोडा, तुमी सांगा. खरंच गोळ्या बंद केल्या?"

पुंजाराम तिच्याकडे बघत होता. कैलासही बघत होता. स्टोव्हवर साधा चहा उकळत होता, तो उतू जायला आला.

"कवाच्या," रत्नाबाई म्हणाली आणि चहा उतरवायला वळली.

एकच शब्द. मग तिनं त्याला पिल्लू दिलं, बरणीत घालून, वर आंबट चहा ओतून, कसं करायचं ते समजावून. नाही म्हणायचं नाही ना विरजणाला! निघताना कैलास म्हणाला, "गाळ सोडायचा न्हाई, ध्यानात हाय." उद्या वर्षाराणीला एकटीला गाठून सांगू, असं रत्नाबाईनं ठरवलं. उद्याचं परवा झालं. परवाचं राहूनच गेलं.

काही आठवड्यांनी कैलास घरातच छाती धरून पडला, दाढी करताना. रत्नाबाई धावत दवाखान्यात गेली तेव्हा वर्षाराणी बाकावर बसली होती, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. रत्नाबाईला पाहताच तिनं तिच्या कमरेला मिठी मारली. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्याच, पुंजारामच्या.

"वाचलेत. पण हृदय बरंच दुखावलंय. गोळ्या कधी बंद केल्या?"

वर्षाराणीनं चाचरत चहाचं सांगितलं. बाई चिडल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या. "हे बघा, आंबवलेल्या चहावर अभ्यास चालू आहेत. बरेचसे उंदरांवर झालेत. त्यांच्यात सूज कमी झालेली दिसली, चरबी कमी झालेली दिसली. पण माणसाची तुंबलेली नळी ह्यानं मोकळी होते, असं छातीठोक सांगायला आज कुणाकडे काही नाही. आवडत असेल तर मला विचारून घोटभर प्या. पण गोळीच्या जागी? स्टेंट बसवलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवायची गोळी मनानं सोडली की त्या स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते. ह्यांना तेच झालं."

रत्नाबाईच्या तोंडातून निघालं ते भलतंच. "बाई, गोळी कुटून दिली तर चालती का?"

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "कुणाला?"

"आसंच इचारलं."

"सगळ्या चालत नाहीत. काही गोळ्यांवर मुद्दाम लेप असतो, पोट सांभाळायला. कुणाला देत असाल तर बंद करू नका, पण अख्खी द्या. आणि त्या माणसाला सांगून द्या."

म्हणजे तिथंही तिचं चुकलंच होतं. वर्षाराणी शेजारी बसली होती, तिचा हात रत्नाबाईच्या हातात होता. सांगायची वेळ ह्याहून कोणती? पण रत्नाबाईनं तो हात नुसता चोळत ठेवला. घरी येऊन पुंजारामला कैलासची खबर दिली, तर तो रडला आणि वर म्हणाला, "त्याचं काहीतरी चुकलं आसंल. गाळ ओतून देत आसंल."

खाई त्याला खवखवे म्हणतात. रत्नाबाईला आता भाकरीकडे बघवायचं नाही. रोज सकाळी घंटी वाजायची आणि तिचा हात खलबत्त्यावर थिजायचा. अख्खी द्या, बाई म्हणाल्या होत्या. अख्खी ह्याच्या घशाखाली उतरवायची कशी? म्हणून पुन्हा कुटायची, आणि कुटताना तिला कैलास दिसायचा, इमानदारीनं पेला ढवळणारा, तळाचा गाळ पिणारा. त्याच्या गाळात काय होतं? काही नव्हतं. आंबलेल्या चहाचा गाळ होता, दुसरं काय!

कैलास घरी आला. आणि मग एके दिवशी दुपारी वर्षाराणी रत्नाबाईच्या दारात उभी राहिली, हातात पिशवी. पुंजाराम आतल्या पलंगावर पेपर वाचत होता. वर्षाराणीनं रत्नाबाईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि तिच्या ओटीत खण-नारळ घातला.

"हे कशाला गं?"

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? लोक म्हणत्यात, आधी तो चहा पोटात होता म्हणून येवढ्यावर भागलं, नायतर गेलाच असता माणूस." तिनं डोळे पुसले. "दवाखान्याच्या गडबडीत आमची भाकर वाळून मेली. अन् हे आता पुन्हा गोळ्या थुकायलेत. म्हणत्यात, पुंजादादाला बघ, एक गोळी न्हाई आन् कसा खणखणीत हाय, माझंच पथ्य चुकलं आसंल. बाईंनी सांगितलं ते आयकतच न्हाईत, मग निदान चहा तरी पोटात जाऊ दे म्हणून आले. पिल्लू द्या ना ताई."

रत्नाबाईच्या ओटीत नारळ होता. तो तिला पेलवेना.

आता तिच्यापुढे सरळ दोनच वाटा होत्या. गप्प राहावं, तर कैलास मरणार. बोलावं, तर आत पलंगावर बसलेला तिचा नवरा सगळं ऐकणार, गोळी कायमची सोडणार आणि तोही मरणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! एक तिसरी वाटही तिच्या डोक्यात आलीच. वर्षाराणीच्या कानाशी लागावं आणि सांगावं, बाई गं, तूही कुटून घाल. तोंड उघडलंही तिनं. पण समोर वर्षाराणीचे डोळे होते, भरलेले, उपकार मानणारे. आभार मानले की विरजण लागत नाही, आई म्हणायची. रत्नाबाईला आणखी एक चोरी पुढं चालवायची ताकद राहिली नाही.

"वर्षा," ती म्हणाली, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "मी ह्यांना गोळी देते. रोज देते. कुटून चहात घालते. पयल्यापासून. ह्यांना म्हाईत न्हाई. मी तुझ्या नवऱ्याला खोटं सांगितलं."

आतला पेपर सळसळला आणि थांबला.

वर्षाराणीचा चेहरा हळूहळू असा झाला, की रत्नाबाईनं खाली बघितलं.

"म्हणजे तुमच्या घरात गोळी होती," वर्षाराणी म्हणाली. "अन् माझ्या घरात नुसतं आंबट पाणी."

रत्नाबाईनं ओटीतला नारळ काढून पुढं केला. वर्षाराणीनं हात मागं घेतला. "भरलेली ओटी परत घेत न्हाईत," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि गेली.

पुंजाराम बाहेर आला. रत्नाबाईला वाटलं, आता भांडी फुटणार. पण त्यानं फक्त खलबत्ता उचलून पाहिला, बोटानं आतून पुसला, बोट नाकाशी नेलं. सगळी हयात पावडरीत गेलेला माणूस तो. "रोज?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली.

"सगळ्या सरावलीत तोंड वर करून सांगत फिरलो मी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "गाढव केलंस माझं. अन् माझ्या तोंडानं कैलासला मारलंस."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. स्वतःचा चहा स्वतः करायचा, भाकरी आपल्या हातानं वाढून घ्यायचा. गोळीला हात नाही, आंबट चहालाही नाही. जे होईल म्हणून ती भ्याली होती तेच झालं. ह्या अबोल्यात तिनं एक केलं. ज्या ज्या घरी पिल्लू गेलं होतं त्या प्रत्येक घरी गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं, चहा प्यायचा तर डॉक्टरला विचारून प्या, गोळी सोडू नका, माझा नवरा गोळीवरच बरा झाला. कुणी हसलं. हेतल रडायला लागली, म्हणाली, "काकी, मीच आणली ना ती." एकजण म्हणाली, "मग तुमच्या हाताला गुण कसला?" रत्नाबाई म्हणाली, "कसलाच न्हाई."

परत आली ती थेट पुंजारामच्या पायाशी बसली.

"मला काय पायजे ते बोला. सुजितकडं धाडून द्या. तुमच्या गोळीचंबी मी आज काय म्हणत न्हाई. पण कैलासभाऊ गोळ्या थुकायलेत. वर्षा सांगून थकली. माझं तोंड ते बघणार न्हाईत. ते आयकतील तर तुमचं. तुमी नुसतं जाऊन यवढं म्हणा, की मी खात होतो."

पुंजाराम उठला, सदरा चढवला आणि कुरडयांचा डबा उपडा केला. तळातली पाकिटं खिशात कोंबून रस्त्याला लागला. रत्नाबाई चपला शोधत मागं धावली. दोघं रिक्षानं कुंभवलीला पोचले.

कैलास खाटेवर उशीला टेकून होता, निम्मा राहिलेला. दादाला बघून उठायला गेला तर दम लागला. पुंजारामनं त्याला खांदा धरून बसवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसला.

"कैलास, हिनं मला फसवलं. अन् मी तुला. म्हाईत नव्हतं म्हणून फसवलं, पण फसवलंच. रोज गोळी पोटात जात होती रे माझ्या. त्याच्यावर मी उड्या मारत होतो."

"वर्षानं सांगितलं," कैलास म्हणाला. "मला वाटलं, दोघी मिळून माझ्यासाठी बनाव करायल्यात."

"वर्षाराणी, पाणी आण," पुंजाराम म्हणाला. त्यानं खिशातून पाकीट काढलं, अंगठ्यानं एक गोळी तळहातावर पाडली. तिच्याकडे तो बघत राहिला. रत्नाबाई दारात उभी होती, चौकट घट्ट धरून. मग त्यानं डोळे मिटले, गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा घोट घेतला. इतक्या दिवसांत गोळी गिळायची सवय कुठं राहिलेली! ती घशात अडली. त्याला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मिशीवर पाणी सांडलेला दादा बघून कैलासला हसू फुटलं. हसताना त्यानं छाती धरली, तरी हसला.

"हसतो काय लेका! आता तू घे. माझ्यासमोर."

कैलासनं वर्षाराणीपुढे हात केला. तिनं त्याच्या गोळ्या त्या हातावर ठेवल्या. त्यानं एकेक करून गिळल्या, आणि तोंड उघडून जीभ दाखवली, शाळेतल्या पोरासारखी. पुंजारामनं मान डोलावली आणि मग दोघांनीही डोळे पुसले.

रत्नाबाई दारातच होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं. वर्षाराणी स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली, चहा ठेवला. साधा, गुळाचा, कोरा. पुंजारामला कप दिला. मग एक कप घेऊन दारापाशी आली. रत्नाबाईनं हात पुढं केले, पण वर बघायची तिला हिंमत झाली नाही.

"घ्या ताई," वर्षाराणी म्हणाली. "आमच्या चहात नुसता चहाच हाय."

रत्नाबाईनं कप घेतला. चहा गरम होता, गोड होता. तिथंच उंबऱ्याबाहेर बसून तिनं तो एकेक घोट करून संपवला. तळाला चहाची पत्ती उतरली होती, तीही तिनं सोडली नाही.